सोळा इंची घ्यावा, की गुंडाळीच्या लॅपटॉपची वाट बघावी?

पत्र: “दादा, मी दांडिया बाजारात राहते, वय ४४. आणंदला एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. आठवड्यातून चार दिवस मेमू लोकलनं अपडाऊन. माझ्या १५.६ इंची लॅपटॉपची डावी बिजागरी तुटली आहे, स्क्रीनला मागून उशीचा टेकू द्यावा लागतो. साठ-पासष्ट हजारांत नवा घ्यायचा आहे. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो म्हणतो १६ इंचीच घे. हे म्हणतात १४ घे, खांदा दुखतो म्हणून रोज कुरकुरतेस. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, दोन वर्षं कळ काढ, आता पडद्याचीच घडी किंवा गुंडाळी होणारे लॅपटॉप येतायत. मला चाळिशी लागली आहे आणि दिवस एक्सेलच्या आकड्यांत जातो. गाडीत जाता-येता पाऊण-पाऊण तास मिळतो, तेवढ्यात निम्मं काम उरकते. काय करू?” – अपडाऊनवाली, बडोदे

ताई, घरच्या तिघांनी तीन सल्ले दिले, पण मेमूच्या बाकावर तुमच्या दोन कोपरांमध्ये किती जागा उरते ते एकानंही मोजलेलं दिसत नाही. तिथूनच सुरू करू. कालचा पेपर, फूटपट्टी आणि कात्री घ्या. एक तुकडा कापा ३२ सेंटीमीटर रुंद आणि २२ खोल. दुसरा ३६ रुंद आणि २५ खोल. पहिला साधारण १४ इंची लॅपटॉपचा तळ, दुसरा १६ इंचीचा; मॉडेलप्रमाणे सेंटीमीटरभर इकडेतिकडे. दोन्ही जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, पिशवीत टाका आणि उद्या गाडीत मांडीवर ठेवून बघा. वासद स्टेशन येईपर्यंत थांबा. तोवर कुणीतरी “बेन, जरा खसो ने” (ताई, जरा सरका ना) म्हणत बाकावर टेकलेली असेलच. त्या वेळी जो पुठ्ठा शेजारणीच्या बरगडीत जात नाही, तो तुमचा.

माझा अंदाज आधीच सांगून टाकतो: १४ इंची घ्या, आणि उरलेल्या पैशात घरी टेबलावर ठेवायला २४ इंची मॉनिटर. भाच्याच्या गुंडाळीवर शेवटी बोलू, कारण तो विषय मला आवडतो आणि मी पाल्हाळ लावणार आहे.

आधी इंचांचा घोळ. दुकानात सांगतात तो इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरका मोजलेला असतो. जुन्या टीव्हीची नळी गोल असे, तिचा व्यास सांगायचे. पुढे पडदा चौकोनी झाला, पण एकाच आकड्यात माप सांगायची सवय राहिली. आपण कापड घेताना नुसती लांबी ऐकून पैसे देत नाही, पन्हा विचारतो. लॅपटॉपचा पन्हा मात्र विचारायचा राहून जातो. तुमचा जुना १५.६ इंची बहुतेक रुंदी-उंचीच्या १६:९ या प्रमाणातला असणार, म्हणजे त्याचा पडदा ३४.५ सेंटीमीटर रुंद आणि १९.४ उंच. आताचे १६ इंची बरेचसे १६:१० प्रमाणात येतात. त्यांचा पडदा तेवढाच, ३४.५ रुंद, पण उंची २१.५. मुलगा “मोठा” म्हणतो तो इतकाच, नुसत्या उंचीत दोन सेंटीमीटर. आता १६:१० मधला १४ इंची बघा: ३०.२ रुंद, १८.८ उंच. जुन्यापेक्षा उंची फक्त सहा मिलिमीटरनं कमी, पेन्सिलीच्या जाडीहूनही कमी. कात्री लागते ती रुंदीला, चार सेंटीमीटरहून थोडी जास्त.

हे प्रमाण बदलत कसं गेलं तेही गमतीचं आहे. २००८ ते २०१० च्या सुमारास कंपन्यांनी १६:१० सोडून १६:९ धरलं. टीव्हीचे पडदे त्या प्रमाणात निघत होते, आणि एका मोठ्या काचेतून जास्त तुकडे, कमी वाया, असा हिशेब बसत होता. शिंपी कापड बेततो ना, तसं. सिनेमा बघायला ते छान, हिशेबाची वही बघायला अगदी वाईट: आडवं रान भरपूर आणि उभ्या ओळी कमी. पुढे दहाएक वर्षांनी, २०२० च्या आसपास, गाडी परत १६:१० कडे वळली. म्हणून दुकानात “१४ इंची दाखवा” एवढंच म्हणू नका, कारण १६:९ चे १४ इंची अजूनही स्वस्तात विकायला ठेवलेले असतात आणि त्यांची उंची जेमतेम १७.४ सेंटीमीटर भरते. खोक्यावर पडद्याच्या ठिपक्यांचा आकडा १९२० × १२०० असा असेल तर १६:१०. १९२० × १०८० असेल तर जुना पन्हा.

आता चाळिशी. “मोठा पडदा म्हणजे मोठी अक्षरं” हे आपल्याकडे धरूनच चालतात, पण अक्षराचा आकार विंडोजच्या सेटिंगमध्ये ठरतो. डिस्प्लेमध्ये ‘स्केल’ नावाची जागा आहे, तिथे १२५ किंवा १५० टक्के असं लिहिलेलं असतं. तुमच्या जुन्यावर बहुधा १२५ असेल. १९२० × १२०० च्या १४ इंचीवर ते १५० केलंत, तर अक्षर जुन्यापेक्षा किंचित मोठंच दिसेल. मी हिशेब करून सांगतोय, दुकानदाराचं ऐकून नाही. पण मग पडद्यावर मजकूर कमी मावतो. एक्सेलच्या भाषेत सांगायचं तर १०० टक्के झूमवर, नेहमीच्या मापाच्या तीनेक ओळी आणि चार कॉलम कमी दिसतील. ओळींचं काही वाटणार नाही. चार कॉलम मात्र जाणवतील. तारीख आणि पार्टीचं नाव डाव्या हाताला, शिल्लक उजव्या टोकाला, आणि मधे सारखं सरकवत बसायचं. शीट सरकवली तरी डावीकडचे कॉलम जागेवर ठेवणारी ‘फ्रीझ पेन्स’ ही सोय वापरत नसाल तर आजच शिका, पाच मिनिटांचं काम आहे. तरीही मोठ्या शीटला १४ इंच तोकडेच पडणार, हे मी लपवत नाही. म्हणून तर मॉनिटर म्हटलं.

२४ इंची मॉनिटरचा पडदा साधारण ५३ सेंटीमीटर रुंद आणि ३० उंच असतो. ए-फोरचे दोन कागद शेजारी-शेजारी, खऱ्या मापात त्यावर मावतात आणि बाजूला अकरा सेंटीमीटर उरतात. डावीकडे बँक स्टेटमेंट, उजवीकडे लेजर, चष्मा नाकावर घसरू न देता. पंधरा, सोळा, सतरा इंची कुठल्याच लॅपटॉपवर हे सुख नाही. किंमत दहा हजारांच्या आतबाहेर. मुलाचं रात्रीचं ड्रॉइंगचं कामही त्याच्यावर होईल, आणि त्याला १६ हवा होता त्याच्या दीडपट मिळेल. त्याला असंच सांगा, नाराज होणार नाही. घरातलाच ३२ इंची टीव्ही लावू असं कुणी सुचवलं तर आधी त्याचा आकडा बघा. त्या मापाचे बरेच टीव्ही १३६६ × ७६८ चे असतात. कीर्तन बघायला उत्तम, पण आकडे वाचायला बसलात तर डोळ्यांत पाणी येईल.

१४ इंचीत आणखी एक गोष्ट जाते: उजवीकडचं नंबर पॅड. अकाउंट्सवाल्यांचा जीव त्यात अडकलेला असतो, मला माहीत आहे. माझ्या रावपुऱ्यातल्या रिपेअरिंगच्या टेबलावर येणाऱ्या हिशेबनीसांच्या कीबोर्डांवर अक्षरं कोरी करकरीत असायची आणि उजवीकडचा एंटर घासून गुळगुळीत झालेला. पण तेच नंबर पॅड अक्षरांना डावीकडे ढकलतं, आणि माणूस दिवसभर पडद्याच्या मध्यापासून सरकून, किंचित वाकडा बसतो. खांद्याची सगळी तक्रार पिशवीची नसेल, थोडी याचीही असेल. यूएसबीचं सुटं नंबर पॅड काही शे रुपयांत मिळतं. एक ऑफिसात ठेवा, एक घरी. गाडीत त्याची आठवणही येणार नाही.

वजनाचं फार बोलत नाही. १४ इंची सव्वा ते दीड किलो, १६ इंची पावणेदोन-दोन. अर्धा किलो म्हणजे तुमचा भरलेला डबा, आणि तो तर तुम्ही नेताच. टाइप-सीवर चार्ज होणारा घ्या म्हणजे मोबाइलचा चार्जर वेगळा न्यावा लागणार नाही.

इंचापेक्षा गाडीत जास्त सतावतो तो उजेड. बडोद्याहून आणंदला सकाळी जाताना, इंजिनाकडे तोंड करून बसलात तर ऊन उजव्या अंगाला येतं. संध्याकाळी परतताना सूर्य पश्चिमेला गेलेला, पण गाडीही उलटी वळलेली, म्हणून ऊन पुन्हा उजवीकडूनच. तेव्हा दोन्ही वेळा डावी बाजू धरा. जागा मिळेल ती पदरात पाडून घ्यायची असते हे मान्य, म्हणून पडद्याची प्रखरताही विचारा. ती ‘निट्स’मध्ये सांगतात. २५० निट्सचा पडदा खिडकीशी फिका पडतो, ३०० च्या खाली जाऊ नका, ४०० मिळाला तर उत्तम. आणि पडदा मॅट घ्या. ओएलईडी नावाच्या पडद्यांचे रंग बघून जीव हरखतो खरा, पण ते बहुतेक चकचकीत असतात. वासदच्या अलीकडे गाडी महीच्या पुलावर आली की अशा पडद्यात शीट कमी आणि समोरच्या बाकावरच्या बाई जास्त दिसतात.

आता भाचा. पोरगा थापा मारत नाहीये. घडीचा लॅपटॉप २०२० सालीच बाजारात आला, लेनोवोचा थिंकपॅड एक्स-वन फोल्ड, उघडल्यावर १३.३ इंच. २०२२ मध्ये आसूसनं झेनबुक फोल्ड आणला, उघडून १७.३ इंच आणि मिटून १२.५. २०२३ मध्ये एचपीचा १७ इंची आला, अमेरिकेत पाच हजार डॉलरला एक कमी. गुंडाळीचाही आला. लेनोवोनं जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात दाखवला. बटण दाबलं की आतली मोटर पडदा वर सरकवते आणि १४ इंचाचा पडदा उभा वाढत १६.७ इंच होतो. त्या वेळी किंमत सांगितली होती साडेतीन हजार डॉलर, म्हणजे आपले तीन लाख धरा. तुमच्या पासष्ट हजारांत तो दोन वर्षांत उतरेल असं मला वाटत नाही.

पैशाचं सोडा. असा घडीचा लॅपटॉप तुम्हाला फुकट दिला, तरी मेमूत त्याचं काय होईल ते बघा. पूर्ण उघडून वापरायचा तर तो पाठीमागच्या टेकूवर उभा करून, कीबोर्ड सुटा समोर ठेवावा लागतो. टेबलावर ते फार सुरेख दिसतं. मांडीवर टेकू रुतत नाही, पहिल्या हिसक्याला सगळं पायाशी. मग दुसरा उपाय, अर्धा घडी करून खालच्या भागावर कीबोर्ड ठेवायचा. झालं, तुमच्या हातात साडेबारा इंच उरले. सतराचे पैसे मोजून बाराचा लॅपटॉप. शिवाय तो पडदा वाकायचा तर वरचा थर नेहमीच्या जाड काचेसारखा टणक ठेवता येत नाही. त्याला नखाचीही धास्ती, आणि डब्यातल्या शेवेचा कण मधे राहून मिटला गेला तर विचारूच नका.

वाकणाऱ्या, सरकणाऱ्या वस्तूंवर माझं प्रेम आहे, गैरसमज नको. १९९५ साली आयबीएमनं थिंकपॅड ७०१ काढला होता. तेव्हाचे पडदे लहान, त्याचा १०.४ इंची, त्यामुळे पेटीही लहान, आणि पेटी लहान म्हणून कीबोर्ड आखूड. बोटं एकमेकांवर चढायची. जॉन कारिडिस नावाच्या इंजिनिअरनं त्यावर तोड काढली. कीबोर्डाचे तिरके कापलेले दोन भाग झाकण उघडताच आपोआप सरकून एकमेकांत बसायचे आणि पेटीच्या दोन्ही अंगांना बाहेर डोकवायचे. मिटवला की पुन्हा आत. फुलपाखराचे पंख म्हणून लोकांनी त्याचं नावच बटरफ्लाय ठेवलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात तो आहे. मी एकदाच एक उघडलेला बघितला, एका गिऱ्हाइकानं हौसेनं जपलेला. तीनदा उघडला, तीनदा मिटला, चौथ्यांदा त्यानं हातातून काढून घेतला.

इतका देखणा, पण फार टिकला नाही. मोडायचा म्हणून नव्हे. पडदेच मोठे झाले. १२ इंची पडदा परवडायला लागला तशी पेटी रुंद झाली, आणि त्या रुंदीत साधा सरळ कीबोर्ड मावायला लागला. पंखांची गरजच संपली. गुंडाळीचा लॅपटॉप बघताना मला हेच आठवतं. लहान पेटीतून मोठा पडदा काढायचा हा त्याचा सगळा खटाटोप. पण टेबलापाशी पोचल्यावर मोठा पडदा आधीच उभा असेल आणि एका वायरनं जोडता येत असेल, तर मोटर कशाला हवी? ज्याला रोज नव्या शहरात, नव्या हॉटेलात बसून काम करायचं आहे त्याला हवी. तुमचं घर आणि आणंदचं ऑफिस ठरलेलं आहे.

नुसता मोठेपणाही करून झालाय, बरं का. एसरनं २०१७ मध्ये २१ इंची, वक्र पडद्याचा लॅपटॉप विकायला काढला होता. वजन साडेआठ किलोच्या आसपास. त्याला लॅपटॉप म्हणायचं तर मांडी भीमाची हवी. उलट टोकाला आसूसचा ईईई पीसी, २००७ चा, सात इंची. तो मात्र वर्षभर इतका चालला की माझ्याकडे येणारी निम्मी मंडळी तोच मागायची, आणि पुढच्या वर्षी निम्मी मंडळी त्यावर काही वाचता येत नाही म्हणून विकायला आणायची.

पुढे काय होईल म्हणाल, तर माझा होरा असा की पडदे आता रुंदीपेक्षा उंचीत वाढतील, कडेच्या काळ्या पट्ट्या आणखी झिजतील, म्हणजे आजच्या १४ च्या पेटीत उद्या साडेचौदा इंच बसेल. दोन पडद्यांचे लॅपटॉप, खाली एक आणि वर एक, आत्ताच मिळतात. घडीवाल्यांपेक्षा तेच आधी स्वस्त होतील असं मला वाटतं, कारण त्यात वाकवायचं काही नाही, नेहमीचे दोन पडदे आणि नेहमीची बिजागरी. पारदर्शक पडद्याचा नमुनाही लेनोवोनं २०२४ मध्ये दाखवला. आरपार दिसतं. पगारपत्रक करणाऱ्या बाईला ते कशाला हवं, हे मला अजून उमगलेलं नाही. समोरच्या बाकावरच्या बाईंना मात्र बरं पडेल.

तेव्हा दोन वर्षं उशी लावून काम करू नका. खरेदीला जाल तेव्हा तुमची नेहमीची, सगळ्यांत रुंद शीट पेन ड्राइव्हवर घेऊन जा. सयाजीगंजात किंवा जिथे जाल तिथे, मांडून ठेवलेल्या लॅपटॉपवर ती उघडायला लावा, स्केल १५० करा, चाळिशी लावा आणि शेवटच्या कॉलमातली बेरीज वाचा. दुकानदार त्याच्या चकचकीत धबधब्याचा व्हिडिओ लावू बघेल, लावू देऊ नका. रॅम १६ जीबी. ती नंतर वाढवता येते का ते विचाराच, बऱ्याच पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच पक्की केलेली असते. ओळखीच्या माणसाकडून बिलासकट घ्या, हे बडोद्यात मी सांगायला नको.

आणि जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका. तुम्ही तो बहुधा पडद्याचा कोपरा धरून, एका हातानं उघडत होतात. बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते प्लास्टिकमध्ये नुसते रोवलेले असतात. एका कोपऱ्यावर जोर आला की त्या बाजूचा नट प्लास्टिकसकट उपटून येतो. पडदा जितका मोठा, तितकी ती तरफ लांब. नवा उघडताना वरच्या कडेच्या मध्यावर धरा. जुन्याचे नट एरल्डाइटनं पुन्हा बसवता येतात. पूर्वीसारखी रोजची उघडझाप तो सोसणार नाही, पण एकदा उघडून टेबलावर ठेवून दिला तर सासूबाईंच्या भजन-कीर्तनाला दोन-तीन वर्षं सहज जातील. दुरुस्तीला देताना चार्जरही बरोबर न्या. तो घरी राहतो आणि दुसरी खेप पडते.